भोंग्यानंतरची तिसरी कळ

ज्या तोंडात मी फुंकर घातली होती, ते तोंड त्यांनी माझ्यासमोर पाच वेळा धुतलं.

तोंड केवढं? चिंचोक्याएवढं. पौषातली दुपार. शिप्रेचं पाणी, तांब्याच्या कलशातलं. आधी गोमूत्राचं बोट फिरवलं, मग पाणी. परत गोमूत्र, परत पाणी. मी मागच्या उंबऱ्याबाहेर, गल्लीत, उकिडवी बसले होते. मांडीवर मडकं, मडक्यात पोराची वार, नाळेसकट पडलेली. पोर पहिल्यांदा रडलं. दुसऱ्यांदा रडलं. तिसऱ्यांदा नुसतंच तोंड उघडलं. चौथ्या आणि पाचव्या वेळी त्याचे ओठ परत जांभळे झाले होते. मला ते दिसत होतं. मी उठले नाही.

मी थापाडी आहे, हे आधीच कबूल करते. आमच्या बस्तीत कोणालाही विचारा. उज्जैनमधल्या निम्म्या लोकांची टाळकी त्यांच्या आयांच्या आधी मी पाहिली आहेत. राम घाटावरचे पंडे मला बघून मान खाली घालतात, कारण त्यांना पहिल्यांदा नागडं मीच पाहिलं. एकदा एका कोतवालाच्या बायकोची जुळी मी एका हातानं काढली, दुसऱ्या हातात चहाची बशी होती, आणि चहा सांडला नाही. यातलं बरंचसं खोटं आहे. चहा सांडला होता. पण ते पाच वेळा धुणं खरं आहे. ते सांगायला लागले की थाप सुचत नाही. जीभ लाकडाची होते.

आम्ही मांग. सरदारांच्या फौजेमागं दोरखंड वळत दक्षिणेतून आलेले. फौज गेली, सरदार गेले, आम्ही वळतच राहिलो. पुरुष दोर वळायचे, बायका बाळंतपणं करायच्या. आपल्यात सुईण म्हणतात, इथं दाई. माझ्या नवऱ्यानं वळलेला दोर बाळंतिणीच्या खोलीत आढ्याला बांधायचे, कळ आली की बाई तो धरून लोंबकळायची. दोर चालायचा. तो घराच्या आत आढ्यावर कायम राहायचा. मी राहायची नाही.

ते घर फ्रीगंज पेठेतलं. घरचे तात्या संस्थानच्या दप्तरातून निवृत्त झालेले, पंचांगाचा मोठा नाद. त्यांची बायको माई. आणि सून, तिला सगळे वहिनी म्हणत. सतरा-अठरा वर्षांची, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण त्या साली गाड्यांचा भरवसा नव्हता. कुठली गाडी कुठं थांबेल आणि तिच्यातून कोण उतरेल, कोणी सांगू शकत नव्हतं. झेंडा नुकताच बदलला होता. तात्यांनी ओसरीवर मोठा तिरंगा लावला होता. गल्लीच्या बाजूला काही लावलं नव्हतं.

त्या घराला दोन दारं. पुढचं माणसांचं. मागचं संडासाच्या गल्लीत उघडणारं, मैला उचलणाऱ्यांचं आणि माझं. बाळंतिणीची खोली त्या मागच्या दाराला लागून, म्हणजे मला घरातून चालायला लागू नये.

बाळंतपण म्हणजे काय, ते मी सांगते. डॉक्टर सांगतात ते वेगळं. कळा लांब-लांब असतात, बाई मधे-मधे बोलते, चिडते, पाणी मागते, तोवर मी गल्लीत उभी. माई दारातून विचारायच्या, "दाई, अजून किती?" मी बाहेरून आवाज ऐकून सांगायची. कळा जवळ आल्या, बाईचं बोलणं तुटलं, पिशवीचं तोंड उघडलं किती ते बघायची वेळ आली, की मला आत घेत. पाणमोट फुटली, बाई कुंथायला लागली, आवाज खाली गेला, जड पोतं उचलताना निघतो तसा, की माई माझ्या जवळ सरकायच्या. डोकं दिसलं की माई माझा खांदा धरायच्या. उघडा खांदा. "बाई गं, माझे आई, सोडव तिला." हे मला. मांगिणीला. खांद्यावर त्यांची पाचही बोटं उमटायची. मग पोर बाहेर. मग वार. वार पडली की माई म्हणायच्या, "सरक."

कळ ते वार, तेवढाच वेळ माझी जात पुसलेली असायची. कधी चार तास, कधी दहा.

आता वेळेचं. उज्जैन म्हणजे ज्योतिषांचं गाव, इथं पोराच्या आधी पत्रिका जन्मते. तात्या ओसरीवर खिशातलं घड्याळ तळहातावर घेऊन बसत. पोर पूर्ण बाहेर आलं की आतून खूण करायची. इथं थाळी वाजवतात. पण माझा हात लागला तर थाळी बाटेल, म्हणून मला एक धोपाटणं दिलेलं होतं. कपडे बडवायचं, चिरलेलं. पोर बाहेर आलं की त्या धोपाटण्यानं मी भिंतीवर एक ठोका मारायचा. एकच. तात्या तो क्षण लिहून घेणार. पुढं त्या पोराचं शिक्षण, लग्न, नोकरी, आजार, सगळं त्या ठोक्यावर. गावातल्या अर्ध्या पत्रिका माझ्या मनगटावर उभ्या आहेत, असं मी बस्तीत सांगायची. ही मात्र थाप नाही.

त्या दिवशी ठोका पडला नाही.

पोर आलं ते निळं. मऊ. ओल्या फडक्यासारखं. गळ्याला नाळेचा एक वेढा, तो मी डोक्यावरून काढला. नाळ कापली नाही, वार आत असेतो नाळेतून जीव येत राहतो, हे माझ्या आईनं शिकवलं होतं. पाठ चोळली. तळव्यावर टिचक्या मारल्या. काही नाही. बाहेरून तात्या, "वेळ? दाई, वेळ?" धोपाटणं हाताशी होतं. माझे दोन्ही हात पोराखाली होते. मी करंगळीनं त्याच्या घशातला चिकट काढला आणि त्याच्या नाकातोंडावर तोंड ठेवून हळू फुंकर मारली. गालांतली, छातीतली नाही. एक. दोन. सातव्या का आठव्या फुंकरीला त्याची छाती आपणहून उचलली. मग ते रडलं.

वर बघितलं तर माई भिंतीला चिकटल्या होत्या.

"तोंड लावलंस?"

मी म्हटलं, "श्वास नव्हता, माईसाहेब."

"म्हणून तुझा घातलास?"

नाळ कापून घेतली. वार पडली, तोवर कोणी बोललं नाही. ते काम दुसरं कोण करणार? वार मडक्यात घातली तेव्हा माईंनी पोर उचललं आणि म्हणाल्या, "सरक." मी सरकले. उंबऱ्याच्या बाहेर गेले. मग कलश आला.

ओसरीवरून तात्या आतल्या दारापर्यंत आले होते. माईंनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. हिशेबी माणूस. मग जे म्हणाले ते मला शब्दाशब्दानं पाठ आहे. "रडला तेव्हा त्याच्यात हिचा श्वास होता. तो जन्म धरता येत नाही. पाचव्या धुण्यानंतर पहिला श्वास घेतला तो त्याचा. वेळ तीच."

आणि त्यांनी ती वेळ लिहिली.

मला राग आला, असं इथं सांगायला हवं. आला नाही. मडक्याची ऊब मांडीला लागत होती, तेवढं आठवतं. आणि वहिनी. ती जमिनीवर पडली होती, दोराचं टोक अजून मुठीत, आणि पोराकडं नाही, माझ्याकडं बघत होती. आम्ही दोघी सारख्याच गप्प होतो.

पोर जगलं. त्यात त्यांच्या धुण्याचा काही हात नाही.

बस्तीत आले तर बायका जमल्या. काय झालं, काय झालं. मी सांगितलं, पण माझ्या पद्धतीनं. म्हटलं, बामणाच्या पोरात मांगाचा वारा भरून आले, आता ते मोठं होऊन दोरच वळणार. सगळ्या हसल्या. पुढच्या वेळी सांगताना पोर उठून बसलं आणि म्हणालं, "दाई, चहा सांग." त्याच्या पुढच्या वेळी तात्या कलशात पडले. वर्षानुवर्षं सांगितलं. लग्नात, बारशात, नळावर. दर वेळी नवं काहीतरी. आणि दर वेळी मी त्याच घरी त्याच गल्लीतून जात होते. वहिनीची आणखी दोन बाळंतपणं केली. ठोका मारला. सरकले. पाय आपोआप त्या गल्लीत वळायचे, बैलाचे वळतात तसे.

मधल्या काळात सरकारनं दायांसाठी वर्ग काढला. एक डॉक्टरीणबाई शिकवायच्या, कापडाची बाहुली घेऊन. साबण, नखं घासायचा ब्रश, उकळलेली कात्री. चांगलं शिकवायच्या. म्हणाल्या, प्रसूतीच्या तीन अवस्था असतात. तोंड उघडणं ही पहिली, मूल बाहेर येणं ही दुसरी, वार पडणं ही तिसरी. मी म्हटलं, "बाई, चौथी पण असते."

"कोणती?"

"आम्हाला बाहेर काढतात ती."

सगळ्या दाया खोखो हसल्या. बाई हजेरीच्या वहीत बघत राहिल्या. मला शेवटी पत्र्याची पेटी मिळाली, कात्री आणि साबणाची. ती घेऊन मी त्याच गल्लीतून गेले.

एकदा मी परत ती गोष्ट सांगत होते. ओट्यावर पाच-सहा बायका, आणि माझी मुलगी. ती तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत सातवीत होती. त्या दिवशी मी गोष्ट फार रंगवली. माई घसरल्या, तात्यांचं घड्याळ बंद पडलं, पोरानं पाचव्या धुण्याला माईंच्या पदरावर धार सोडली. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी. मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, "आई, मग तू काय केलंस?"

"कधी?"

"ते धूत होते तेव्हा."

मी तोंड उघडलं. मला वाटलं काहीतरी येईल. नेहमी येतं. कलश हिसकावला, म्हणेन. चार शब्द सुनावले, म्हणेन. एकही आलं नाही. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"काही नाही," मी म्हटलं. "बसले होते."

त्यानंतर ती गोष्ट मी हसवायला सांगितली नाही.

मग मध्यभारत मोडून मध्यप्रदेश होणार, असं सुरू झालं. तात्यांच्या ओसरीवर तेच. राजधानी भोपाळला, कचेऱ्या भोपाळला, मुलाची बदली भोपाळला, सगळं इकडचं तिकडं. शिवाशिवीचा कायदा झालाय, असंही मुलीनं शाळेतून येऊन सांगितलं होतं. मी म्हटलं, असेल. कायदा पुढच्या दारानं येतो, आपल्याला कसा दिसणार.

त्याच दिवसांत एका दुपारी तात्यांचा मुलगा सायकलवर बस्तीच्या तोंडाशी आला आणि घंटी वाजवत राहिला. आत यायचा नाही कधी. "दाई, चल. माई बोलावतेय."

"कळा किती वेळानं येतायत?"

"मला काय माहीत. चल लवकर."

वहिनीची चौथी खेप. चौथीला फार वेळ लागत नाही. मी पेटी घेतली, हात घासले, निघाले. मनात काही ठरवलं नव्हतं. खोटं कशाला बोलू. गल्लीच्या तोंडाशी आले. नाकाला तो वास आला आणि पाय वळले नाहीत. नुसते वळले नाहीत. मी सरळ पुढं गेले, कोपऱ्यावरून फिरले आणि पुढच्या दारासमोर उभी राहिले.

तात्या ओसरीवर. तळहातावर घड्याळ. केस पांढरे झालेले.

"तिकडून," ते म्हणाले.

"इकडून येईन."

"काय?"

"इकडून येईन, तात्यासाहेब."

माई दारात आल्या. "अगं, गल्ली काय बंद पडलीये का? सून तिथं तडफडतेय आणि तुझा हा काय तमाशा?"

"गल्ली उघडी आहे, माईसाहेब. मी जाणार नाही."

"माजलीस."

"कोपऱ्यावर टांगा उभा आहे," मी म्हटलं. "दवाखान्यात न्या. मी टांग्यामागं चालत येते."

तात्या म्हणाले, "दवाखान्यात कोणाकोणाचे हात लागतात. वेळ कोण सांगणार तिथं?"

"मग इकडून."

दार उघडं होतं, पण माई मधे उभ्या. मी पायरीखाली. आतून वहिनीचा आवाज येत होता. मी तो ऐकत होते, दुसरं काही ऐकत नव्हते. आवाज अजून वर होता, तक्रारीचा. कळ गेली की ती बोलत होती, तोवर वेळ होता. आता एक सांगते, जे आजवर कोणालाच सांगितलं नाही, मुलीलाही नाही. तो आवाज खाली गेला असता, पोतं उचलल्यासारखा जड झाला असता, तर मी धावत सुटले असते. संडासाच्या गल्लीतून. तोंडात पदर धरून. माझा सगळा ताठा एका आवाजावर टेकलेला होता. माईंना ते माहीत नव्हतं. तात्यांच्या पंचांगात ते नव्हतं.

मिलचा दुपारपाळीचा भोंगा वाजला. लांबलचक.

भोंगा थांबला आणि माजघराच्या भिंतीवर हात सरकल्याचा आवाज आला. वहिनी. केस मोकळे, पदर कमरेला खोचलेला. भिंत धरून येत होती. मधेच कळ आली तेव्हा थांबली, चौकटीला कपाळ टेकलं, ती जाऊ दिली. एक. कळांत चालणं चांगलंच असतं, तोंड लवकर उघडतं, मी तिला पहिल्याच वेळी सांगितलं होतं. माई म्हणाल्या, "अगं, तू कशाला उठलीस? आत चल." तिनं माईंचा हात धरला आणि बाजूला केला. जोरानं नाही. पडदा सारतात तसा.

मला म्हणाली, "आत या."

नऊ वर्षांत ती माझ्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द. कळांमधल्या ओरडण्यातले सोडून.

मी पायरी चढले. ओसरी ओलांडली. तात्यांच्या खुर्चीला माझा पदर घासला. त्यांनी पाय वर घेतले.

माजघरात दुसरी कळ आली तेव्हा वहिनीनं माझ्या मानेला मिठी मारली आणि पाणमोट फुटली. फरशीवर. आता मागच्या खोलीपर्यंत जायला वेळच नव्हता. तिचा आवाज बदलला होता. मी तिला खाली बसवलं, भिंतीला पाठ, तिचे पाय माझ्या मांड्यांवर. दोर मागच्या खोलीत राहिला होता, म्हणून तिनं माझे दंड धरले. तिसऱ्या कळेला डोकं, खांदा, दुसरा खांदा, आणि मुलगी माझ्या हातांत घसरून आली. माशासारखी.

मुलगी रडली नाही. काही रडत नाहीत. रंग बघायचा, गुलाबी होता. नाकपुड्या हलत होत्या. डोळे उघडे, इकडंतिकडं बघत होती. मी तिला पुसलं आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवली.

बाहेरून तात्या, "वेळ?"

मी वहिनीच्या पोटावर हात ठेवून वारेची वाट बघत होते.

"दाई. वेळ."

माई तिथंच होत्या. त्यांनी ओरडून सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की नेमका क्षण त्यांनाही ठाऊक नाही. पोर आली तेव्हा त्या बाहेरच्या दाराकडं बघत होत्या, तात्यांनी पाय वर घेतले होते तिकडं.

तात्या दारापर्यंत आले, पाठमोरे उभे राहिले. "मुलगा की मुलगी, ते नंतर. आधी वेळ सांग."

मी म्हटलं, "पहिल्या पोरानं रडून दिली होती. तुम्ही धुऊन टाकलीत."

घड्याळाची टिकटिक मला माजघरात ऐकू येत होती. तुम्हाला वाटेल ही पण थाप. असू दे.

वार पडली. पुरी आहे का ते मी उलटून बघितलं. उकळलेल्या कात्रीनं नाळ कापली, बांधली. माई पुढं झाल्या, पोर उचलायला. कोपऱ्यात कलश भरून ठेवलेला मी मघाशीच पाहिला होता. वहिनीनं दोन्ही हात पोरीवर टाकले. "हिला कोणी धुणार नाही," ती म्हणाली. माई तशाच वाकलेल्या राहिल्या. मग सरळ झाल्या.

मी वहिनीच्या कानाशी वाकले. तिथं तिला वेळ सांगितली. तिच्या एकटीला. "भोंगा थांबल्यावर तिसऱ्या कळेला." तिनं मान हलवली. तिला पटलं. तिसरी कळ कुठली, ते तिच्यापेक्षा कोणाला माहीत असणार.

वार मडक्यात घातली आणि मडकं माजघराच्या मधोमध ठेवलं.

"हे?" माई म्हणाल्या.

"तुमच्या घरची आहे. गुडघाभर खोल खड्डा खणा. वर दगड ठेवा, नाहीतर कुत्री उकरतात."

साबणानं हात धुतले. त्यांच्या मोरीत. पेटी उचलली. दोन तास बसले, वहिनीचं पोट घट्ट झालं, रक्त थांबलं, पोरीनं ओढून प्यायलं, तोवर कोणी मला सरक म्हणालं नाही. मग उठले आणि आले त्या दारानं बाहेर पडले. तात्यांच्या मांडीवर पंचांग उघडं होतं, हातात पेन्सिल होती, आणि कागद कोरा होता. त्या मुलीची पत्रिका त्या घरात झाली नाही.

घरी आले. मुलगी भाकरी थापत होती. तिनं काही विचारलं नाही, आणि मी रंगवून काही सांगितलं नाही. तिच्या शेजारी बसले आणि जेवले.

नंतर त्या घरानं मला बोलावलं नाही. फ्रीगंजातल्या आणखी तीन-चार घरांनी बोलावणं बंद केलं. काहींनी पुढचं दार उघडलं, तोंड वाकडं करून का होईना. तेवढं मला पुरे आहे. आता कोणीही घंटी वाजवत आलं की मी सायकलीवरच्याला आधी तीन गोष्टी सांगते. पुढच्या दारानं येईन. वार तुम्ही पुराल. आणि वेळ फक्त आईला सांगेन. पटलं तर ठीक, नाहीतर कोपऱ्यावर टांगा आहे आणि दवाखाना सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवशी आवाज खाली गेला असता तर मी गल्लीतून धावले असते, ते मी मघाशी सांगितलं. तेव्हाचं ते खरं आहे. आज तसं नाही. आज आत बाई अडली असेल आणि पुढचं दार बंद असेल, तर मी भिंत फोडून जाईन. गल्लीतून जाणार नाही.